घराचं काम काढलं आणि झोपाळ्यावरून बिनसलं: जुन्या गोष्टींवरून नवरा-बायकोत वाद का होतात आणि ते सोडवायचे कसे?

"झोपाळा काढायचा. हॉलमधली अर्धी जागा तोच खातो."

"झोपाळा राहणार. बाबा दुपारी त्यावरच बसायचे."

घराचं काम काढलेल्या जोडप्यांना विचारा, यासारखा एखादा संवाद त्यांच्याकडेही झालेला असतो. झोपाळा नसेल तर देव्हारा असतो, मोझॅइकची फरशी असते, पोरांची उंची लिहून ठेवलेली दाराची चौकट असते किंवा आईच्या हातचा कडप्प्याचा ओटा असतो.

बजेटवरून, रंगावरून, किचनच्या ट्रॉल्यांवरूनही घरोघरी वाद होतात. पण ते बहुतेक वेळा मिटतात. हा रंग नाही तर तो, महागडा नळ नाही तर जरा स्वस्तातला. आठवणीच्या वस्तूचं तसं होत नाही. चौकट एक तर राहते, नाही तर निघते. आणि गवंड्याने एकदा पहार घातली की ती परत मिळत नाही. म्हणून हा वाद छोटा दिसला तरी जिव्हारी लागतो आणि पुढे कित्येक वर्षं "तू तेव्हा माझं ऐकलं नाहीस" म्हणून परत परत निघतो.

हे असं का होतं, कोणत्या गोष्टी खरंच ठेवता येतात, कोणत्या नाही आणि तोडफोड सुरू होण्याआधी दोघांनी काय करायला हवं, ते समजून घेऊया.

एकाला अडगळ, दुसऱ्याला आठवण. असं का?

याचं एक उत्तर अर्थशास्त्रज्ञांनी कॉफीच्या मगांवरून शोधलंय. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी काही विद्यार्थ्यांना मग दिले, काहींना दिले नाहीत. मग ज्यांच्याकडे मग होता त्यांना विचारलं, किती पैसे मिळाले तर विकाल? ज्यांच्याकडे नव्हता त्यांना विचारलं, किती पैसे देऊन घ्याल? मग तोच, पण विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली.

म्हणजे एखादी वस्तू आपली झाली की ती सोडताना होणारं नुकसान आपल्याला जास्त मोठं वाटतं. हे झालं काही मिनिटांपूर्वी हातात आलेल्या मगाचं. मग चाळीस वर्षं घरात असलेल्या झोपाळ्याचं काय होत असेल, याचा अंदाज करा. आणि लक्षात घ्या, ज्या जोडीदाराने तो झोपाळा कधी 'आपला' मानलाच नाही, त्याला तो घेणाऱ्याच्या नजरेतून दिसतो. दोघंही खोटं बोलत नसतात. एकाच वस्तूची दोघांच्या मनातली किंमतच वेगळी असते.

दुसरं उत्तर अमेरिकेतल्या शिकागोमधल्या एका अभ्यासातून मिळतं. मिहाय चिकसेंटमिहाय आणि यूजीन रॉशबर्ग-हॅल्टन या दोन संशोधकांनी तिथल्या ८२ कुटुंबांमधल्या ३१५ जणांना विचारलं, तुमच्या घरात तुमच्यासाठी खास असलेल्या वस्तू कोणत्या? १९८१ मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. लोकांनी वस्तू दाखवल्या, पण त्या खास का आहेत हे सांगताना दिसण्याबद्दल किंवा किमतीबद्दल फार कमी बोलले. ते बोलले माणसांबद्दल, नात्यांबद्दल आणि आठवणींबद्दल. शिवाय पिढीनुसार वस्तू बदलत होत्या. आजी-आजोबांना फोटो जवळचे होते, तर नातवंडांना स्टिरिओ.

म्हणूनच "अगं, जुनाट झालाय तो" किंवा "अरे, त्यापेक्षा चांगला नवा मिळेल" हे वाक्य इथे चालत नाही. समोरचा झोपाळ्याच्या दर्जाबद्दल बोलतच नसतो.

वस्तू जाते की माणूस परत जातो?

बऱ्याचदा घराचं मोठं काम निघतं तेच मुळी घरातलं एखादं वडीलधारं माणूस गेल्यानंतर. खोली रिकामी होते, घर नावावर होतं, हातात थोडे पैसे येतात. म्हणजे दुःख अजून ताजं असतानाच कंत्राटदार विचारतो, "साहेब, ही खुंटी ठेवायची की काढायची?"

पूर्वी मानसशास्त्रात असं मानलं जायचं, की गेलेल्या माणसात अडकलेलं मन सोडवून घेणं म्हणजे दुःखातून बाहेर येणं. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या एका पुस्तकाने वेगळी मांडणी केली. माणूस गेला तरी त्याच्याशी असलेलं नातं संपत नाही. ते वेगळ्या रूपात चालू राहतं आणि त्यात चुकीचं काही नाही, असं या अभ्यासकांचं म्हणणं होतं.

आपल्याकडे हे वेगळं शिकवावं लागत नाही. वडिलांच्या खुर्चीवर पाहुण्याला बसू न देणारी, आईच्या हातची फडताळाची कडी बदलू न देणारी घरं आपण पाहिलेली असतात. जोडीदार अशा वस्तूवर अडून बसला असेल तर "किती दिवस धरून बसणार आहेस?" हा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी "ही पाहिली की तुला काय आठवतं?" असं विचारलं, तर खरी माहिती मिळते. कधीकधी उत्तर ऐकून आपलाच हट्ट कमी होतो. कधी असंही कळतं, की त्याला आख्खा झोपाळा नकोच आहे, त्याच्या पितळी साखळ्यांचा आवाज हवा आहे.

पण हे घर कोणाच्या आठवणींचं?

आता जरा अवघड मुद्द्याकडे येऊ.

आपल्याकडे लग्नानंतर बहुतेक ठिकाणी बाई नवऱ्याच्या घरी जाते. त्यामुळे घराचं काम निघतं तेव्हा भिंतीत, फरशीत, दारांत साठलेल्या आठवणी जवळपास सगळ्या नवऱ्याच्या घरच्या असतात. ओटा त्याच्या आईचा, कपाट त्याच्या आजोबांचं, देव्हारा त्याच्या कुळाचा. तिच्या आठवणी ज्या घरात आहेत ते घर भावाने कधीच पाडून बांधलेलं असतं, किंवा बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली असते. तेव्हा तिला कोणी विचारलेलं नसतं, की तुझ्या खिडकीचा गज ठेवायचा का?

मग घराच्या कामात ती म्हणते, "सगळं काढून टाकू, नवं करू." ऐकणाऱ्याला वाटतं, हिला भावनाच नाहीत. खरं तर वीस वर्षं दुसऱ्याच्या आठवणी पुसत राहिलेल्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःच्या पसंतीचं काही करायची संधी मिळालेली असते.

हे उलटही होतं. घर बायकोच्या माहेरचं असेल, तर तिथे राहायला आलेल्या नवऱ्याला कुठल्याच खोलीत आपलं काही सापडत नाही. दुसरं लग्न असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण जुन्या ओट्याशी आधीच्या संसाराचा संबंध असतो. आणि सासू-सासरे सोबत राहत असतील तर वाद दोघांचा राहतच नाही. घरातल्या कामात त्यांचंही मत मोजावं लागतं.

म्हणून वस्तू ठेवायची की नाही हे ठरवण्याआधी एक हिशोब मांडा. काम झाल्यावर या घरात माझ्या आधीच्या आयुष्यातलं काय असेल आणि तुझ्या आयुष्यातलं काय असेल? यादीत एकाच बाजूची सात नावं आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल, तर भांडण झोपाळ्याचं नाही हे दोघांनाही दिसेल. कधीकधी सहा वस्तू काढण्याची गरजच नसते. तिच्या माहेरचा पाट-चौरंग, आजीचं फुलपात्र किंवा वडिलांच्या दुकानाची पाटी सन्मानाने भिंतीवर आली, की झोपाळ्याला होणारा विरोध मावळतो.

ठेवायचं ठीक, पण पुसायचं कोणी?

आठवण एकाची आणि राबणं दुसऱ्याचं, हा या वादातला न बोलला जाणारा भाग असतो.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं, की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तर अशी कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. आता नक्षीकाम असलेलं फडताळ, पितळी साखळ्या, जाळीची खिडकी, खडबडीत शहाबादी फरशी ही सगळी यादी या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. नक्षीतली धूळ काढायला आणि साखळ्या चिंचेने घासायला कोणाचे हात लागणार आहेत?

ओट्याचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. आईचा ओटा आईच्या उंचीने बांधलेला असतो. उभ्याने काम करताना ओटा कोपरापासून साधारण चार ते सहा इंच खाली असावा, असा ठोकताळा आहे. सासूबाई पाच फुटांच्या आणि सून साडेपाच फुटांची असेल, तर सून रोज वाकून पोळ्या लाटणार. मग नवऱ्याची आठवण टिकते आणि बायकोची कंबर जाते.

यावर एक सोपा नियम करता येतो. जी वस्तू ज्याला ठेवायची आहे, तिची निगा त्याने राखायची. आणि ज्या जागेवर रोज जो काम करतो, त्या जागेबद्दल त्याचं मत जास्त धरायचं. हा नियम मान्य केला, की काही हट्ट आपोआप गळून पडतात आणि जे उरतात ते खरे असतात.

काय ठेवताच येणार नाही?

भावनांवर बोलण्याआधी इमारतीकडे पाहून घ्यावं, कारण काही प्रश्नांची उत्तरं मतावर अवलंबून नसतात.

स्लॅबचं प्लास्टर सुटून आतलं गंजलेलं लोखंड दिसत असेल, तर तिथे झोपाळा टांगायचा विषय संपला. चौकट बोटाने दाबली आणि आत गेली, तर वाळवीने ती आतून खाल्लेली आहे. रंगाचा एक हात देऊन ती वाचत नाही आणि शेजारच्या नव्या लाकडालाही वाळवी लागते. मोरीखालून वर्षानुवर्षं गळती होत असेल तर फरशी उचलून वॉटरप्रूफिंग करावंच लागतं, मग ती फरशी आजोबांनी निवडलेली असो की आणखी कोणी.

याच्या उलटही आहे. "ही भिंत पाडली की हॉल मोठा होईल" असं एकाला वाटतं आणि दुसऱ्याला ती भिंत तिथल्या कोनाड्यासाठी हवी असते. जुन्या बिनकॉलमच्या बांधकामात वरचा सगळा भार भिंतींवरच असतो. तिथे भिंत पाडणं म्हणजे वरच्या मजल्याशी खेळ. सोसायटीत राहत असाल तर असं कोणतंही काम करायच्या आधी सोसायटीची आणि गरजेप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. बीम, कॉलम आणि स्लॅबला हात लावायचाच नाही.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतींचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. तुमच्या इमारतीचा तो अहवाल मागवून वाचा. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घर दाखवा. "तू नाही म्हणतोस" आणि "इंजिनिअर नाही म्हणतोय" यात खूप फरक आहे. दुसऱ्या वाक्याने नातं दुखावत नाही.

घरातली वयस्कर माणसं हाही असाच मुद्दा आहे. उंबरठ्याशी आपले संस्कार जोडलेले आहेत. नवी सून माप ओलांडते तो उंबरठा, सणाला रांगोळी निघते तोही उंबरठाच. पण घरात वॉकर किंवा व्हीलचेअर असेल, तर आतल्या खोल्यांचे उंबरे अडखळून पडण्याचं कारण ठरतात. अशा वेळी मुख्य दाराचा उंबरठा ठेवायचा आणि आतले काढून फरशीच्या पातळीत लाकडाची किंवा दगडाची पट्टी बसवायची, हा बऱ्याच घरांना मानवणारा मार्ग आहे.

ठेवायचं ठरलं तर कसं?

'ठेवणं' आणि 'फेकणं' यांच्या मध्ये बरेच पर्याय असतात, पण ते वेळेत माहीत असावे लागतात.

झोपाळा (विदर्भात बंगई): झोपाळ्यावर बसलेल्या माणसांचं वजन स्थिर नसतं, झोक्याबरोबर कड्यांवरचा ताण वाढतो. त्यामुळे कडी फॉल्स सीलिंगला किंवा प्लास्टरला नव्हे, तर बीममध्ये किंवा स्लॅबच्या आतल्या सळ्यांना धरून, जाणकाराकडूनच बसवावी लागते. पुढे-मागे झोक्याला पुरेल एवढी जागाही सोडावी लागते. जागाच नसेल, तर साखळ्या गॅलरीत छोट्या झोक्याला वापरता येतात आणि सागवानी फळीचा भिंतीलगत बाक होतो. बसण्याची सवय टिकते, हॉलही मोकळा होतो.

रंगीत सिमेंटच्या फरशा आणि मोझॅइक: जुन्या घरांत नक्षीच्या रंगीत फरशा दिसतात त्या भट्टीत भाजलेल्या नसतात. रंग आणि सिमेंटचं मिश्रण साच्यात घालून, दाबून आणि पाण्यात मुरवून त्या बनवतात. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात, १९२२ मध्ये मुंबईत सुरू झालेली 'भारत फ्लोअरिंग्ज' ही कंपनी अशा फरशांसाठी ओळखली जाते. या फरशांवर रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे त्या घासून परत चमकवता येतात. मोझॅइकलाही मशीनचं पॉलिश होतं. त्यामुळे "खराब झाली, काढून टाकू" म्हणण्याआधी एका कोपऱ्यात पॉलिश करून पाहा. काढायच्याच असतील, तर काही फुटणार हे धरून चाला. सगळ्या खोल्यांतल्या चांगल्या निघालेल्या फरशा एकत्र करून देवघरासमोर किंवा गॅलरीत गालिच्यासारखा एक चौकोन करता येतो.

बरेच जण जुन्या फरशीवरच नवीन टाइल्स चिकटवतात. तोडफोड वाचते, खाली जुनी फरशी शाबूत राहते. पण जमिनीची पातळी वाढते, दारं खालून तासावी लागतात आणि मोरीचा उतार बिघडणार नाही हे बघावं लागतं. स्लॅबवर वजनही वाढतं, म्हणून जुन्या इमारतीत हे विचारूनच करावं.

पोरांच्या उंचीच्या खुणा: रंगारी येण्याआधी चौकटीला मोजपट्टी लावून समोरून फोटो काढा. खुणा आणि तारखा लांब कागदावर उतरवून घ्या. चौकट काढायची असेल तर सुताराला सांगून तेवढी पट्टी सरळ कापून घ्या आणि ती भिंतीवर लावा. इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खुणा जुन्या फरशीपासून मोजलेल्या असतात. नवी फरशी इंचभर वर आली, तर पट्टीही तेवढीच वर लावावी लागते. नाही तर पोरगं एका रात्रीत इंचभर उंच होतं!

कोनाडा: कोनाडा जाड भिंतीतच होतो. हल्लीच्या चार-पाच इंची भिंतीत तो कोरायला जाऊ नका. तशीच कमान आणि खोली असलेलं लाकडी कप्पं भिंतीवर लावता येतं. दिवा ठेवायची जागा टिकते.

चौकटी, दारं, तुळया: जुनं सागवान आज विकत घ्यायला गेलात तर महाग पडतं. कीड नसेल तर त्याची आरशाची चौकट, देव्हारा, जेवणाचं टेबल असं काहीही होतं. फक्त सुताराला ते कापायला देण्याआधी माप आणि चित्र पक्कं करा.

पाटा-वरवंटा, जातं, तांब्याचा बंब: या वस्तू घराचा भाग नाहीत, त्या हलवता येतात. त्यामुळे यांच्यावर भांडण घालायची घाई नको. बंबात कुंडी लागते, जात्याची तळी टेबलाखाली जाते, पाटा गॅलरीत राहतो.

बोलायचं कसं?

रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांच्या वाटाघाटींवरच्या १९८१ च्या पुस्तकात ग्रंथालयातल्या दोन माणसांची गोष्ट आहे. एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. किती उघडायची यावरून वाद चाललेला. ग्रंथपाल येतात आणि दोघांना कारण विचारतात. एक म्हणतो, मोकळी हवा पाहिजे. दुसरा म्हणतो, वाऱ्याचा झोत नको. ग्रंथपाल शेजारच्या खोलीतली खिडकी उघडतात. हवा येते, झोत लागत नाही.

'झोपाळा हवा' आणि 'झोपाळा नको' या दोन भूमिका आहेत. त्यामागची कारणं काढली, तर 'बाबांची जागा घरात हवी' आणि 'मला येता-जाता गुडघ्याला फळी लागायला नको' अशी निघतात. या दोन कारणांचं भांडणच नाही. बाक भिंतीला लागला की दोन्ही गोष्टी होतात.

सगळे वाद असे सुटत नाहीत, हेही खरं. जोडप्यांवर अनेक वर्षं संशोधन करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अभ्यासानुसार जोडप्यांचे ६९ टक्के वाद कायमचे असतात. ते स्वभावांतल्या फरकातून येतात आणि मिटत नाहीत, सांभाळायचे असतात. एकाला जपून ठेवायला आवडतं आणि दुसऱ्याला मोकळं घर आवडतं, हा तसाच वाद आहे. घराच्या कामाने तो संपणार नाही, म्हणून तो जिंकायच्या मागे लागू नका. गॉटमन यांच्या संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली, ती म्हणजे बोलण्याची सुरुवात कशी होते याला फार महत्त्व आहे. "तुझ्या घरच्यांचा कचरा" अशी सुरुवात झाली, की पुढे झोपाळ्याबद्दल बोलणं होतच नाही.

प्रत्यक्षात काय करायचं? कंत्राटदाराला पैसे देण्याआधी एक सुट्टीचा दिवस काढा आणि हे करा:

१. दोघांनी वेगवेगळं घरभर फिरून आपापली यादी लिहायची. प्रत्येक गोष्टीसमोर तीनपैकी एक लिहायचं: हवीच, चालेल, नको.

२. 'हवीच' मध्ये प्रत्येकाला तीनच गोष्टी. बंधन घातल्याशिवाय खरी पसंती बाहेर येत नाही.

३. याद्या एकत्र वाचायच्या. एकाची 'हवीच' आणि दुसऱ्याची 'चालेल' असेल तर ती राहिली. चर्चा न करता पुढे जायचं.

४. एकाची 'हवीच' आणि दुसऱ्याची 'नको' अशा ज्या दोन-चार गोष्टी उरतील, त्यांच्यावरच बोलायचं. कारण विचारायचं, निगा कोण राखणार ते ठरवायचं, मधला पर्याय शोधायचा.

५. तरीही अडलं तर घाई नको. राखलेली गोष्ट सहा महिन्यांनी काढता येते, काढलेली परत आणता येत नाही. मात्र अडवणूक कायमची होऊ नये म्हणून तारीख ठरवा. "पुढच्या पाडव्याला परत बघू" एवढं पुरतं.

६. जे ठरलं ते कागदावर लिहून कंत्राटदाराला द्या. ठेवायच्या वस्तूंवर खडूने खूण करा, त्यावर चिकटपट्टी लावा. गवंडी आणि बिगारी तुमच्या चर्चेला हजर नसतात. जोडप्यांचं एकमत झालेलं असतं आणि वस्तू राडारोड्यासोबत निघून जाते, असंही होतं.

सोडून द्यायचं ठरलं तर?

२०१७ मध्ये कॅरेन विंटरिच, रेबेका रेझेक आणि ज्युली आयर्विन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोक जुन्या वस्तू दान का करत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. कॉलेजच्या वसतिगृहांमध्ये त्यांनी दानाची मोहीम घेतली. काही ठिकाणी फक्त "वस्तू द्या" असं आवाहन होतं. इतर ठिकाणी सांगितलं, की आठवणीच्या वस्तूचा आधी फोटो काढा आणि मग द्या. फोटो काढायला सांगितलं तिथे जास्त वस्तू जमा झाल्या. वस्तू गेली तर आठवणही जाईल आणि तिच्यासोबत आपलाही एक भाग जाईल, ही भीती लोकांना थांबवते. फोटोने ती भीती कमी होते.

म्हणून काम सुरू व्हायच्या आधी जुन्या घराचा सावकाश व्हिडिओ काढा. रिकाम्या भिंतींचा नको, वापरातल्या घराचा. आई ओट्यापाशी असताना, झोपाळा कुरकुरताना, दुपारचं ऊन फरशीवर आलेलं असताना. घरातल्या मोठ्यांना बोलतं करा, ही फरशी कोणी आणली, ही खुंटी कोणाची. ज्याची वस्तू जाणार आहे, त्याला तिथे शेवटचं बसू द्या आणि त्या वेळी घड्याळ दाखवू नका.

जी वस्तू जाणार आहे ती शक्यतो भंगारात जाऊ देऊ नका. भावाला, बहिणीला, गावाकडच्या घराला आधी विचारा. जुनं लाकूड, दारं, फर्निचर घेणारे लोक मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या बाजारात आणि पुण्यात जुन्या बाजारात भेटतात. आपला झोपाळा कुणाच्या तरी घरात हलतोय हे माहीत असलं, की जोडीदाराला तो सोडणं थोडं सोपं जातं.

आणि एक गोष्ट ज्याचं म्हणणं मान्य झालं त्याच्यासाठी. झोपाळा निघाला तर नव्या हॉलचं कौतुक करताना जरा सबुरीने घ्या. झोपाळा राहिला तर जोडीदार त्यावर कधी बसतो याची वाट बघा, "बघ, मी म्हणत होतो ना" हे वाक्य मात्र गिळून टाका. टाइल्स वीस-पंचवीस वर्षांनी परत बदलतील. त्या घरात आपलंही काही आहे असं दोघांना वाटायला हवं, आणि ते पहिल्या दिवसापासून वाटायला हवं.